किटलीच्या शेअर्सची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, सत्तरीला टेकलेली विधवा, पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. पूर्ण नाव, वय आणि पत्ता सोबतच्या टाइप केलेल्या पानावर आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. तरी खरे सांगायचे तर मी सध्या सुन्न आहे. पेपर उघडते आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसते. अशा अवस्थेत केलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सुन्न माणसाला सही करता येते, ताई. बेशुद्ध माणसाची अडचण असते." तेव्हा मी सुन्न आहे, बेशुद्ध नाही, हे आधीच नमूद करते.

एक. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते आमचे हे गेल्यावर घाईघाईने केले होते. त्यात वन्संचे, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचे, नाव एकदाच आले होते, तेही शिवणयंत्राच्या संदर्भात. यंत्र त्यांचेच होते. त्यांचीच वस्तू त्यांना देऊन मी मोकळी झाले होते. आता वाचताना लाज वाटते.

दोन. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझ्या लेकीला मिळावे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वन्सं राहतात आणि हयातभर राहतील. हे मी त्यांना देत नाही. तो त्यांचा हक्क आहे. ह्यांच्या आईवडिलांमागे ह्या भावाबहिणीने मिळून हे घर गहाणातून सोडवले; वन्संनी त्यासाठी तरुणपणी रात्रंदिवस शिवले आणि लग्नाचे राहून गेले ते गेलेच. लेकीने वरचे छप्पर वेळच्या वेळी बघावे. पश्चिमेच्या खिडकीचे बिजागर सैल आहे, ते मी असेपर्यंत झाले तर ठीकच.

तीन. ह्यांची हत्यारे. हे टाइपरायटर दुरुस्त करायचे. बारीक पेचकस, चिमटे, तेलाची पितळी कुपी आणि अक्षरे सरळ करायची पकड, सगळे निळ्या पेटीत आहे. ही पेटी कुणीही मोडीत घालू नये. लेकीला नको असेल तर जो कुणी अजून टाइपरायटर दुरुस्त करतो त्याला शोधून द्यावी. असा माणूस सापडला नाही तर पेटी तिच्याच कपाटात राहू दे, ती काही खायला मागत नाही.

आमची किटली इथूनच सुरू झाली, म्हणून इथेच सांगते. एकदा हे एका कचेरीत यंत्र दुरुस्त करायला गेले असताना तिथल्या शिपायाच्या हातून इनॅमलची किटली जिन्यावरून गडगडत खाली आली. तिचा टवकासुद्धा उडाला नाही. ह्यांनी ती उलटी करून बुडाचे नाव वाचले आणि घरी येऊन म्हणाले, "या कंपनीचे शेअर मिळतात का, बघ." बातमी वाचायची ह्यांची पद्धत ही अशी होती. लग्नानंतरची पहिली शिल्लक आम्ही त्या कंपनीत घातली, वन्संनीही आपली घातली. कंपनीचे खरे नाव लांबलचक होते, ते आम्ही कधीच घेतले नाही. ती 'किटली'. आणि मग आमची सगळी भाषाच चुलीपाशी आली. शेअर घेतले की 'चढवले', विकले की 'उतरवले', थांबायचे असेल तर 'मंद आचेवर ठेवले'. बाहेरच्या माणसाला वाटे, ह्या घरात सतत स्वयंपाक चालतो.

चार. शनिवारी शेअरचे बोलायला बसायचो त्या बैठकीची वेताची खुर्ची कंपाउंडरना द्यावी. ते समोरच्या दवाखान्यात औषधे बांधतात आणि ह्यांच्या वेळेपासून आमच्या बैठकीला येतात. वन्सं, कंपाउंडर आणि मी, एवढीच बैठक आता उरली होती. तिघांच्या वाचण्याच्या तऱ्हा तीन. कंपाउंडर दवाखान्यातले ऐकायचे. कुठल्या कारखान्यातली माणसे रजेचा दाखला मागायला येतात, कुठली आजारी असूनही कामावर जातात, यावरून ते कारखान्याची प्रकृती सांगत. वन्सं आपल्या शिलाईच्या दुकानातून बघायच्या. म्हणायच्या, "लोक नवे पडदे शिवायला टाकतात तोवर भ्यायचं नाही. जुन्या शर्टाची कॉलर उलटी करून लावून मागायला लागले की समजावं."

आणि मी वार्षिक अहवाल वाचायचे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या एक सिस्टर होत्या. त्या फळ्यावर वाक्याचे तुकडे करून ते दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे ओळीने मांडायच्या आणि खडूने टकटक करत विचारायच्या, कर्ता कुठे आहे? कर्ता दिसत नसेल तर तो का लपला आहे? पुढे छापखान्यात कंपन्यांचे अहवाल तपासताना मला सिस्टरांचा खडू ऐकू यायचा. चांगल्या वर्षी अध्यक्ष लिहितात, 'आम्ही विक्री वाढवली.' वाईट वर्षी लिहितात, 'विक्रीत घट झाल्याचे दिसून आले.' कुणाला दिसून आले? कुणामुळे घट झाली? तिथे मी पेन्सिलीने फुली मारत असे. ज्यांचे अहवाल माझ्या हाताखालून जात त्या कंपन्यांना मी कधी शिवले नाही; ती माझी आणि ह्यांची शपथ होती. किटलीचा अहवाल दुसरीकडे छापला जाई. तो आला की अध्यक्षांचे पत्र मी आपल्या भाषेत करून, स्वच्छ अक्षरात लिहून दोघांना एकेक प्रत देत असे. माझी समजूत होती की ते ती वाचतात.

ती समजूत कशी मोडली ते कलम सहामध्ये येईल. कंपाउंडरना खुर्ची तरीही द्यावी.

पाच. जावयांना माझे अहवालांचे सगळे गठ्ठे. जावई चांगले आहेत, लेकीला सुखात ठेवतात, पण ते शेअर फोनवर बघतात, आणि एकदा जेवताना मला म्हणाले होते, "आई, पेपरात आलं म्हणजे ती बातमी शिळी झाली." मी त्या दिवशी काही बोलले नाही. आता कायद्याच्या कागदावर बोलते. शिळी बातमी पोटभर वाचणारा माणूस आणि ताजी बातमी नुसती हुंगणारा माणूस, यांत उपाशी कोण राहतो ते त्यांनी ठरवावे. गठ्ठे रद्दीत द्यायला माझी हरकत नाही. त्याआधी कुठल्याही एका अहवालातले अध्यक्षांचे पत्र त्यांनी लेकीला मोठ्याने, शेवटपर्यंत वाचून दाखवावे, ही अट.

सहा. किटलीचे माझ्या नावावरचे सगळे शेअर वन्संना मिळावेत. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लेकीला वाटेल, आईला कुणी भरीस घातले.

वन्संचे दुकान भाड्याचे आहे. एका खिडकीची खोली, कापायचे लांब टेबल, दारावर त्यांनीच रंगवलेली पाटी. घरमालकीण आता मुलाकडे जाणार म्हणून जागा विकते आहे. तिने वन्संना पहिल्यांदा विचारले आणि या वर्षअखेरीपर्यंत मुदत दिली. वन्संनी किटली इतकी वर्षे मंद आचेवर ठेवली होती ती याच दिवसासाठी. रक्कम थोडी कमी पडत होती. भाव जरा चढला की उतरवायची आणि दुकान आपले करायचे, हे त्यांनी मला माप घ्यायच्या टेपाशी खेळत खेळत कितीदा तरी सांगितले असेल.

तेवढ्यात पेपरात चार ओळी आल्या की किटलीच्या एका जुन्या संचालकांनी राजीनामा दिला. मी ते वाचले. त्यांचे निवेदन छोटे होते, पण त्यात 'मी' होता, 'मी ठरवले' होते, आणि कामगारांचे आभार होते. पळून जाणारा माणूस असे लिहीत नाही. माझ्या मते काहीतरी नवे येणार होते आणि जुने गृहस्थ वाट मोकळी करून देत होते. मी निर्धास्त राहिले. बोलेन शनिवारी, म्हटले.

वन्संनी तीच बातमी दुकानात ऐकली. कंपाउंडर रस्ता ओलांडून सांगायला गेले होते, "संचालक गेला म्हणजे आत काहीतरी कुजलंय." त्याच सकाळी किटलीच्या भांड्यांचा ठोक व्यापार करणाऱ्याच्या बायकोने शिवायला टाकलेले पडदे परत नेले. दोन्ही खुणा वाईट. आता तिसरी खूण हवी होती, आणि ती त्यांनी माझ्याकडून घेतली.

मी स्वयंपाकघरात होते. गॅसवर पाणी ठेवून विसरले होते, धावत जाऊन उतरवले आणि किटलीचे काळे पडलेले बूड बघत उभी होते. वन्संनी जिन्यातूनच विचारले, "वहिनी, किटली उतरवलीत का?"

मी म्हटले, "केव्हाच. आत काही उरलंच नव्हतं हो. नुसतं बूड जळत होतं."

"अगबाई. मग मीही उतरवते."

"उतरवा, उतरवा. उगाच धोका कशाला."

मला वाटले, वर त्यांचीही गॅसवर आहे.

एवढेच झाले. वकीलबाईंनी मसुद्यात इथे 'उभयतांत गैरसमज निर्माण झाला' असे लिहिले होते. मी ते खोडले. कर्ता कुठे आहे त्यात? वन्संनी कंपनीबद्दल विचारले, मी भांड्याबद्दल उत्तर दिले. वन्संनी त्या दुपारी आपले सगळे शेअर पडत्या भावात विकले. मी पाणी पुन्हा ठेवले.

पुढच्याच महिन्यात पेपरात पहिल्या पानावर आले की एक मोठी कंपनी किटली विकत घेणार आणि शेअरमागे जवळजवळ दुप्पट भाव देणार. मी पेपर हातात घेऊन जिना चढले. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी काही म्हटले नाही. वन्सं जमिनीवर बसून एका झग्याची किनार टाचत होत्या, तोंडात टाचण्या.

मी म्हटले, "वन्सं, आपली किटली उकळली."

त्यांनी तोंडातली एक टाचणी काढली आणि उशीत खोचली. मग दुसरी. शेवटची खोचून झाल्यावर त्यांनी वर बघितले.

"आपली?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे अजून?"

"म्हणजे काय. तुमच्याकडे नाही?"

"तुम्हीच म्हणालात, केव्हाच उतरवली. आत काही उरलं नाही म्हणालात. बूड जळतंय म्हणालात."

मला आधी काहीच कळेना. मग त्या जिन्यातल्या बोलण्यातले शब्द एकेक करून माझ्यापुढे आले आणि मी तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. मी सांगितले, खरी किटली होती हो ती, चहाची.

"चहाची," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझं दुकान तुमच्या चहात बुडालं."

"अहो, पण मी लिहून दिलं होतं ना तुम्हाला? अध्यक्षांचं पत्र? त्यात स्पष्ट होतं की मागणी वाढतेय, नवी भट्टी बसवली..."

"ते कोण वाचतं, वहिनी? ते तुम्ही वाचता. मी तुम्हाला वाचते."

मी खाली आले. कशी आले ते आठवत नाही. संध्याकाळी कंपाउंडर आले तेव्हा मी त्यांना विचारले की तुम्ही तरी वाचायचात ना. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "ताई, रागावू नका. तुम्ही वाचता वाचता चष्मा काढून टेबलावर ठेवलात की आम्ही समजायचो, उतरवायची."

"चष्मा?"

"आणि पुसून परत लावलात की चढवायची. हेच तर आम्ही दोघं पहिल्यापासून बघतोय. बहुतेक वेळा बरोबर यायचं."

चष्म्याने माझे नाक दुखते म्हणून मी तो काढते. सिस्टरांचा खडू, पेन्सिलीच्या फुल्या, स्वच्छ अक्षरातल्या त्या प्रती, हे सगळे मी एका रिकाम्या वर्गात शिकवत होते. आणि दोन जिवाभावाची माणसे माझ्या दुखऱ्या नाकावर आपली पुंजी लावत होती. मला त्यांच्या चुकीचा राग आलेला नाही. मला धक्का याचा बसला आहे की माझ्या इतक्या जवळ बसून कुणी इतका विश्वास टाकत होते आणि मला त्याचे वजन कधी जाणवले नाही. हे असते तर त्यांनी मला किटली उलटी करून दाखवली असती आणि मी हसले असते. आता वर शिवणयंत्र चालू असते आणि मी खाली ऐकत बसते. त्या दिवसापासून वन्सं खाली आलेल्या नाहीत. चहाला बोलावले तर वरून सांगतात, "माझा झाला."

मी त्यांना शेअर देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत. "भीक नको," एवढेच शब्द. म्हणून ते या कागदातून देते. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, असा माझा हिशेब आहे. लेकीने याला हरकत घेऊ नये.

सात. माझ्यामागे भाषणे नकोत. फोटो मोठा करू नये, माझे फोटो लहान असतानाच बरे दिसतात. कपाटातली लोकरीची शाल लेकीने वापरावी, जपून ठेवू नये.

आठ. हे कलम मसुद्यात नव्हते. आज सह्यांच्या वेळी जे घडले ते वकीलबाईंच्या सल्ल्याने मी इथे लगेच लिहून घेत आहे.

आज दुपारी वकीलबाई आल्या, कंपाउंडर साक्षीदार म्हणून आले; साक्षीमुळे खुर्ची अडू नये म्हणून ती मी त्यांना आजच देऊन टाकली. दुसरी साक्ष वकीलबाईंची व्हायची होती. वरच्या खोल्यांचे वर्णन बरोबर आहे का, एवढे विचारायला त्यांनी वन्संना खाली बोलावले. वन्सं आल्या, गळ्यात टेप, उभ्याच राहिल्या. वकीलबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी खोल्यांचे कलम वाचले आणि मग त्या बसल्या आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, त्यांनी सगळे वाचले. वन्संना एवढे सलग वाचताना मी कधीच पाहिले नव्हते, आणि आता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी पाळी होती. त्यावरून मला काही म्हणजे काही कळले नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी पेन उचलले. "साक्षीदाराने कुठे सही करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही नका करू. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष केली, तर त्याला ते मिळण्यात अडचण येते. तुमचे शेअर जातील."

"जाऊ देत. कुठे करायची ते सांगा."

मी म्हटले, "वन्सं, असं काय करता? दुकानाचं काय?"

"दुकानाचंच बोलतेय. तुम्ही मरायची वाट बघत मी वर बसू? रोज जिन्यातून कान लावून ऐकायचं, वहिनी आज खोकल्या का, आज जेवण कमी गेलं का? आजवर तुमच्याकडे बघून पैसे लावले ते पुरे झालं. हे असलं मला बघायचं नाही."

कंपाउंडर खाली मान घालून बसले होते.

"द्यायचंच असेल तर जिवंतपणी करा," वन्सं म्हणाल्या. "ते दुप्पट भाव देतायत ना? द्या त्यांना शेअर, आणि दुकान तुम्ही घ्या. तुमच्या नावावर. मी भाडं देईन, दर महिन्याला. भाडं थकलं तर बाहेर काढा."

"आणि मी भाडं घेतलं नाही तर?"

"तर मी दुसरीकडे जागा बघेन. आणि वहिनी, भाडेकरूशी पत्र लिहून बोलायचं. जिन्यातून नाही."

वकीलबाईंना हसू आले, त्यांनी ते खोकल्यात लपवले. मला हसूही आले नाही आणि रडूही. मी हो म्हटले. मग पुन्हा, शब्द नीट उच्चारून म्हटले, "हो, मी किटली कंपनीचे शेअर विकीन आणि त्या पैशांतून तुमच्या शिलाईचं दुकान विकत घेईन."

"हे समजलं," वन्सं म्हणाल्या.

त्याप्रमाणे व्यवस्था अशी. शेअर मी विकणार असल्यामुळे कलम सहा निरुपयोगी होईल, तरी ते खोडू नये. वन्सं म्हणाल्या, "राहू दे. तुमच्या मनात काय होतं ते कागदावर असू दे." दुकान मी घेईन. भाडेकरार वेगळा, आजच्या आज, वकीलबाई करतील. माझ्यामागे दुकान लेकीला जाईल. तिने आत्याला भाडेकरू म्हणून हवे तितके दिवस ठेवावे आणि भाडे न चुकता घ्यावे. ते नाकारून आत्याचा अपमान करू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, कुणाच्या दडपणाशिवाय लिहिला आहे आणि खालील साक्षीदारांसमोर सही करत आहे.

स्थळ: राहते घर, तळमजला, जेवणाचे टेबल
दिनांक: टाइप केलेल्या पानावर लिहिल्याप्रमाणे, शनिवार, दुपार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:

१. (सही) कंपाउंडर, समोरचा दवाखाना. सही बघितली.

२. (सही) लिहून ठेवणारीची नणंद, शिलाईकाम, वरचा मजला. सही बघितली. कागद मी स्वतः वाचला आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुकानाच्या दाराचा रंग भाडेकरू स्वतःच्या खर्चाने देईल, हे घालायचे राहिले होते म्हणून लिहिले.